नाव विचारायचं राहून गेलं, त्यांचे आभार

गाडीत अँड्रॉइड स्क्रीन आणि मागचा कॅमेरा मीच बसवणार, असं घरी छाती ठोकून सांगितलं होतं. मग दोन रविवार बिल्डिंगखाली डॅशबोर्ड उघडा टाकून घाम गाळला. चावी काढली की घड्याळ, रेडिओ स्टेशनं सगळं पुसलं जायचं. रिव्हर्स टाकला की पडदा काळाकुट्ट.

लॅमिंग्टन रोडवर फ्यूज घ्यायला आलेले चष्मेवाले काका, तुमचे आभार. तुम्हीही माझ्यासारखेच गिऱ्हाईक, पण माझं रडगाणं ऐकून म्हणालात, "अरे, स्क्रीनच्या पिवळ्या वायरीत कायम बारा व्होल्ट हवेत, लालमध्ये फक्त चावी फिरवल्यावर. मल्टिमीटर लावून बघ." लावला. माझ्या गाडीच्या सॉकेटमध्ये दोन्हींच्या जागा नेमक्या उलट! अदलाबदल केली नि घड्याळ शहाण्यासारखं चालू लागलं.

कॅमेऱ्याचं श्रेय कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या पोराला. डिकीत डोकं घालून तो हसलाच. "काका, अर्थिंग रंगावर घेतलंय." काळी वायर मी रंगवलेल्या बोल्टखाली दाबली होती. रंगातून करंट कुठून जाणार! त्याने पॉलिश पेपरने पत्रा खरवडला. रिव्हर्सच्या दिव्यावरून स्क्रीनला इशारा देणारी बारीक वायर तर मी जोडलीच नव्हती, तीही त्यानेच जोडली. पैसे विचारले तर म्हणाला, "चहा पाजा." कटिंगवर भागलं.

आणि भर पावसात माझ्यापेक्षा मल्टिमीटरवर जास्त छत्री धरणारे वॉचमनमामा, तुमचेही. बायको अजून विचारते, "बसवला कोणी?"