मंद्या, टोफूला फोडणी नको देऊ बे

प्रिय मंद्या,

काय म्हणते नागपूर? पारा ४५ वर गेला, काकूंना ओट्यापाशी उभं करायचं नाही आणि तुला स्वतःला कुकरच्या पलीकडे काही येत नाही, म्हणून विचारलंस ना की तुमच्या जपानात बिना गॅसचं काही असते का. असते ना बे. सुशी मात्र डोक्यातून काढून टाक, तिला भात शिजवावा लागतो आणि बाकीचं तुझ्याच्यानं होणार नाही. तुझ्यासाठी एकच गोष्ट आहे, हियायाक्को. थंड टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीरच समज, ताटलीत काढायचा, वर किसलेलं आलं, कांद्याची पात आणि सोया सॉस. संपलं. दहा मिनिटं पण लागत नाहीत.

हसू नको, मला माहिती आहे तू टोफूला काय म्हणतोस. तू जो खाल्ला असशील तो व्हॅक्यूम पाकिटातला घट्टवाला, ज्याला लोक पनीरचा गरीब भाऊ समजून मसाल्यात घालतात आणि मग शिव्या देतात. तो इथे चालायचाच नाही. इथल्या दुकानात मुख्य दोन प्रकार असतात, मोमेन आणि किनुगोशी. मोमेनमध्ये सोयाचं दूध फाटलं की तो चोथा मोडून, कापड घातलेल्या पेटीत भरून वरून वजन ठेवतात, पाणी निघून जाते म्हणून तो घट्ट आणि जरा खरबरीत. किनुगोशीत दूधच दाट घेतात आणि निगारी घालून साच्यात तसंच गोठू देतात, दाबायचं बिबायचं काही नाही. निगारी म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर जे कडू पाणी उरते ते, त्यात मुख्य मॅग्नेशियम क्लोराइड. तर असा न दाबलेला टोफू जिभेवर खरवसासारखा लागतो, फक्त गोड नाही. हियायाक्को दोन्हीचा करतात पण मला विचारशील तर किनुगोशीच. तिकडे सिल्कन टोफू म्हणून टेट्रापॅकमध्ये मिळतो, मोठ्या सुपरमार्केटात नाहीतर ऑनलाइन बघ. सुट्टा, पाण्यात ठेवलेला कुठे मिळाला तर मे महिन्यात तो असा कच्चा खाऊ नको, आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून मग गार कर. पण मग गॅस आलाच, म्हणून टेट्रापॅकच घे.

आता कृती, नीट वाच, कारण एवढ्याशा पदार्थात लपायला जागा नसते. पाकीट रात्रीच फ्रिजमध्ये टाकून ठेव. कापून पाणी ओतून दे आणि टोफू हळूच तळहातावर घे, एका माणसाला साधारण १५० ग्रॅम, म्हणजे मोठं पाकीट असेल तर निम्मंच, उरलेलं पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, रोज पाणी बदल आणि दोन दिवसांत संपव. इथे बायका टोफू तळहातावरच कापतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाच जीव वर गेला होता, पण त्यात गंमत अशी की सुरी फक्त सरळ खाली दाबायची, मागेपुढे ओढायची नाही, ओढली की टोफू नाही हातच कापला जातो. तू पाट घे. कापायचं असलं तर चार तुकडे कर, नाहीतर अख्खा ठेव. मग टिश्यूवर पाचेक मिनिटं ठेवून दे. ही पायरी गाळू नको, कारण टोफूतून पाणी सुटतच राहते आणि नाही निथळला तर सोया सॉस पातळ होऊन ताटलीत नुसतं चहाच्या रंगाचं पाणी उरते. आणि अगदी बर्फगार पण खाऊ नको, सोयाबीनचा जो मंद गोडवा आहे तो फार गारठ्यात कळतच नाही.

आलं बारीक भोकाच्या किसणीवर किस, आपलं आलं दोऱ्यादोऱ्यांचं असते म्हणून शक्यतो कोवळं घे. टोफूच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा ढीग. बाजूला पात, अगदी बारीक, हिरवा भाग जास्त. वर एखादा चमचा सोया सॉस, तो पण खायच्या क्षणी. सॉस मात्र जपानी घे, किक्कोमन तिकडे मिळतो. ते नूडल्समध्ये घालतात ते जाड काळं डार्क सोया नको, ते फार जड लागते आणि टोफू डांबरात पडल्यासारखा दिसतो.

इथे वरून कात्सुओबुशी घालतात, म्हणजे धुरावर वाळवून लाकडासारखा टणक केलेला बोनिटो मासा रंध्यानं तासून काढलेल्या पातळ चुऱ्या. गरम पदार्थावर त्या वाफेनं अशा हलतात की जिवंत वाटतात, थंड टोफूवर मात्र गुमान पडून राहतात आणि सॉस पिऊन मऊ होतात. काकूंच्या वाटीत अर्थातच नाही. त्यांच्यासाठी भाजलेले तीळ जरा चुरडून घाल आणि नोरी मिळाली तर कात्रीनं तिच्या पट्ट्या काप, ते समुद्री शेवाळ आहे, मासा नाही, हे त्यांना आधीच सांग नाहीतर मला फोन येईल.

आता तुझा पुढचा प्रश्न मला माहितीच आहे, वरून मोहरी-हिंगाची फोडणी दिली तर? नको देऊ बे. एक तर ओल्या गुळगुळीत टोफूवर तेल थांबतच नाही, घसरून खाली जाते, आणि मोहरी-हिंगापुढे सोयाबीनची चव कुठे टिकणार, मग दहीबुत्तीच खा ना. पण जवसाची चटणी, कोरडी, चिमूटभर, ही मी स्वतः घालतो आणि झकास लागते. इथल्या एका मित्राला दिली तर त्याने डबाच मागून घेतला. म्हणजे माझा विरोध आपल्या चवीला नाही, गरम तेलाला आहे.

आणि हे एकाच पद्धतीनं करतात असं पण नाही. यामागाता नावाच्या प्रांतात काकडी, कच्चं वांगं, आलं, शिसो नावाची वासाची पानं आणि म्योगा नावाचे आल्याच्या जातीचे कळे असं सगळं अगदी बारीक चिरून सोया सॉसमध्ये मुरवतात, त्याला दाशी म्हणतात, आणि ते थंड टोफूवर नाहीतर भातावर घालतात. हो, कच्चं वांगं! वांग्याच्या भाजीवर जीव टाकणाऱ्या तुला हे पचणार नाही, पण पाण्यात ठेवून त्याचा तुरटपणा काढतात आणि मग ते कुरकुरीत लागते. ओकिनावात टोफूच्या प्रत्येक तुकड्यावर एक एक छोटा खारवलेला मासा उभा मांडतात, दिसायला भारी, पण मला फार खारट वाटते. बिअर असेल तर चालते. खरं तर इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसलं की हियायाक्को लोक बिअरसोबतच पहिलं मागवतात, कारण ते लगेच येते आणि स्वस्त असते.

या लोकांचं टोफूचं वेड जुनंच आहे. १७८२ साली ओसाकात टोफूच्या शंभर पदार्थांचं पुस्तक निघालं आणि इतकं चाललं की पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला. आणि आपल्याकडे बघ, विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचे ढीग लागतात, शेतकरी भावासाठी रडतो, आणि आपण त्याचं तेल काढून पेंड कोंबड्यांना घालतो. जपान बहुतेक सोयाबीन बाहेरून विकत आणतो आणि त्याचा असा टोफू करतो. तुझ्या सासऱ्यांकडे दरवर्षी सोयाबीन असते ना, त्यांना विचार यावर काय म्हणतात, मला खरंच ऐकायचंय.

इकडे टोकियोत अजून बरं आहे, खिडकी उघडी ठेवून झोपता येते. जूनमध्ये पावसाळी चिकचिक सुरू होईल आणि जुलै-ऑगस्टला असा दमट उकाडा की आपली कोरडी ऊन्ह बरी वाटते. तेव्हा मी पण रात्री हेच खातो, ऑफिसातून येऊन उभ्या उभ्या.

केलंस की फोटो टाक. आणि सोया सॉस मिळाला नाही तर त्याच्या जागी चिंचेची चटणी घालून मला "झालं" म्हणून पाठवू नको, मी ओळखतो तुला. काकूंना नमस्कार, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं तेवढं कळव.

तुझा,
पक्या