मॉन्टू टेस्ट व्हॉट्सॲपवर वाचू देऊ नका

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी कोपरखैरण्याचा. पावसाळ्यात आमच्या तीन वर्षांच्या मुलीचा खोकला हटेना, म्हणून क्षयाची लागण तपासणारी मॉन्टू टेस्ट करायला सांगितली गेली. लॅबवाल्यानं हातावर टोचलं आणि म्हणाला, ‘परवा फोटो व्हॉट्सॲप करा.’ फोटो पाठवला, तासाभरात रिपोर्ट हजर: ‘पॉझिटिव्ह’. मिलिमीटरचा रकाना कोरा.

त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी हात चाचपला, बॉलपेननं कड आखली, पट्टी लावली. 6 मिलिमीटर. आपल्याकडे साधारण 10 पासून पॉझिटिव्ह धरतात. फोटोत दिसली ती लाली, आणि लाली मोजायचीच नसते. मोजायचा तो बोटाला लागणारा कडक फुगवटा, 48 ते 72 तासांच्या आत. तो फोटोत कसा लागणार?

समजा, 11 भरला असता. तरी बीसीजीचा, म्हणजे क्षयावरच्या लसीचा, प्रश्न होताच, आणि लॅबमध्ये तो कुणी विचारलाच नव्हता. टोचतात त्या पीपीडीतली (क्षयाच्या जंतूपासून काढलेल्या प्रथिनांच्या मिश्रणातली) बरीच प्रथिनं बीसीजीच्या जंतूतही असतात, त्यामुळे लस घेतलेल्या लहान मुलाचा हात क्षयाची लागण नसतानाही फुगू शकतो. जन्मतः दिलेल्या लसीचा हा परिणाम दहाएक वर्षांत बहुतेक ओसरतो. म्हणून चाळिशीतल्या माणसाचा 16 मिलिमीटरचा फुगवटा ‘बीसीजीचा असेल’ म्हणून झटकणंही तितकंच वाईट. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर तो मुळीच झटकू नये.

खाडीपलीकडे मुंबईत 2024 पासून प्रौढांनाही बीसीजी दिली गेली. उद्या त्यांचेही हात फुगतील. लसीची तारीख त्यांच्या हातात कागदावर दिली आहे का?

पुण्यात बनणाऱ्या ‘सीवाय-टीबी’ या त्वचा चाचणीतले दोन घटक बीसीजीत नसतात, म्हणून लसीनं ती फसत नाही. 2022 मध्ये तिला आपल्याकडे मान्यता मिळाली, पण 18 वर्षांवरच्यांसाठी. लहानांसाठी मॉन्टूच राहणार असेल, तर निदान ती नीट वाचा. मिलिमीटर, टोचल्याची आणि वाचल्याची वेळ, बीसीजीची नोंद आणि वाचणाऱ्याची सही नसेल तर रिपोर्ट ग्राह्य धरू नये, असा आदेश काढा. फोटोवरून वाचन तर बंदच करा.

मुलीचा एक्स-रे स्वच्छ आला, खोकलाही गेला. कोऱ्या रकान्याचा तो रिपोर्ट जपून ठेवलाय. हवा असेल तर मंत्रालयात आणून देतो.

आपला,
कोपरखैरण्यातला एक बाप