काउंटीच्या तळघरातलं दफ्तर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या मराठी मंडळांच्या बातम्या मी आपल्या अंकात नेहमी वाचते. आज त्याच मंडळींसाठी एका वेगळ्या विषयावर लिहीत आहे.

आम्ही सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात राहतो. आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, जुन्या न्यायालयाच्या तळघरात एकोणिसाव्या शतकातलं दफ्तर आहे. त्यात खटल्यांचे कागद आहेत, मतदानाच्या वह्या आहेत आणि अमेरिकेच्या १८६१-६५ च्या यादवी युद्धातून परतलेल्या सैनिकांची रजिस्टरंही आहेत. गेल्या जानेवारीत ऐन थंडीत तिथला पाण्याचा पाइप फुटला आणि खालच्या फळीवरचे खोके भिजले. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. लगेच वाळवणं जमणार नसेल तर कागद गोठवून ठेवावे लागतात. गावातल्या मटणाच्या दुकानदाराने आपला मोठा फ्रीजर रिकामा करून दिला आणि आम्ही सात-आठ जण रात्री अकरापर्यंत खोके वाहत होतो. त्यात मराठी माणूस मी एकटीच. काउंटीत मराठी घरं चाळीसच्या वर असतील.

नंतर मंडळात विषय काढला, तर एक जण म्हणाले, "वहिनी, तो त्यांचा इतिहास. आपला काय संबंध?" त्यांचा राग आला नाही, पण ते वाक्य मनातून जात नाही. घराचा कर आपण या काउंटीलाच भरतो. मुलांच्या जन्माच्या नोंदी इथल्याच आणि घराचे दस्तही याच कचेरीत.

दर शनिवारी मी तिथे कागद सरळ करायला जाते. खटल्याचा प्रत्येक कागद तीन घड्या घालून, फितीने बांधून डब्यात कोंबलेला असतो. कडांवर जुन्या भट्टीच्या कोळशाची काजळी बसलेली असते आणि टाचणी गंजून कागदाला चिकटलेली. घडी जोर करून उघडली तर तिथेच तुकडा पडतो. म्हणून कागद आधी दमट पेटीत रात्रभर ठेवायचा, मग टिपकागदात घालून वजनाखाली. एका शनिवारी एका माणसाच्या हातून जेमतेम तीस-चाळीस कागद होतात.

सैनिकांच्या रजिस्टरमध्ये लष्करातून सुटकेच्या दाखल्यांच्या नकला आहेत. जन्मगाव, वय, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, भरतीपूर्वीचा धंदा, सगळं लिहिलेलं. शेवटी छापील ओळ असते, याला पुन्हा भरती करून घेण्यास हरकत नाही, अशा अर्थाची. वर्तन किंवा तब्येत बरी नसेल तर ती ओळ खोडायची असे. एका एकोणीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पानावर ती ओळ खोडलेली पाहिली आणि त्या दिवशी माझ्याने पुढचं पान उलटवेना. अशा माणसाच्या विधवेला पेन्शन हवी असली, तर लग्नाचा पुरावा शोधायला ती नोंदी सांभाळणाऱ्या काउंटी क्लर्ककडेच येई.

आमच्या राज्यात या रजिस्टरांची किंमत आणखी मोठी आहे. १८९० च्या जनगणनेत यादवी युद्धाच्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या. त्यातल्या इलिनॉयच्या जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. मुख्य जनगणनेचे कागद तर जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या एका सरकारी तळघराला लागलेल्या आगीत बरेचसे जळाले-भिजले आणि उरलेले पुढे नष्ट केले गेले. माजी सैनिकांची 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही मोठी संघटना १८६६ साली इलिनॉयमधल्याच डिकेटर गावी सुरू झाली आणि तिच्याच राज्यातल्या सैनिकांचा माग काढायचा तर आता अशी गावोगावची रजिस्टरं उघडावी लागतात.

मतदानाच्या वह्यांचंही असंच. १८४८ पर्यंत इथे मत तोंडी सांगायचं आणि कारकून ते नावापुढे लिहून घ्यायचा. तरुण अब्राहम लिंकन १८३२ साली पहिली निवडणूक हरले, पण न्यू सेलमच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्यांना होती, हे आज सांगता येतं. त्यांच्या वकिलीच्या पाच हजारांहून अधिक प्रकरणांचा संग्रह २००० साली प्रसिद्ध झाला. तो अभ्यासकांनी काउंटी न्यायालयांची जुनी दफ्तरं चाळून उभा केला. त्यातले पुष्कळ खटले साध्या कर्जवसुलीचे आहेत.

याच राज्यात १८१९ च्या कायद्याने स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आपण गुलाम नसल्याचा दाखला काउंटीत नोंदवावा लागे. उंची, वय, अंगावरचे व्रण, सगळं लिहून घेत. तो कागद हरवला तर माणसाच्या स्वातंत्र्यावरच गदा यायची.

आता काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डात विचार चालू आहे की सगळं स्कॅन करावं आणि मूळ कागद काढून टाकावेत. स्कॅन जरूर करा. पण घडी घातलेला कागद स्कॅन करायलाही आधी उघडून सरळ करावाच लागतो, आणि त्याच कामाला तरतूद नाही. शिवाय राज्याच्या १९६१ च्या स्थानिक अभिलेख कायद्यानुसार राज्याच्या स्थानिक अभिलेख आयोगाच्या मंजुरीशिवाय काउंटीला कागद नष्ट करता येत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्रँकलिन काउंटीत २०१३ साली तळघरात सापडलेले जुने कागद बुरशीच्या कारणाने जाळले गेले. तिथले इतिहासप्रेमी ते लावण्याचं काम करत होते, तरीही. जागाच नसेल तर आमच्याकडे सात राज्य विद्यापीठांत १९७६ पासून विभागीय अभिलेखागारं आहेत, तिकडे पाठवता येईल.

जुन्या नोंदीचं मोल आपल्याला नव्याने सांगायला नको. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रात तहसील कचेऱ्यांतली दफ्तरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. माझ्या चुलतभावाने तेव्हा रात्री-अपरात्री फोन करून पणजोबांचं नाव कसं लिहीत, ते विचारलं होतं. ते पान कसरीने खाल्लेलं निघालं.

बोर्डाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथे कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं. मागच्या वेळी या विषयासाठी आम्ही चौघंच होतो. मागणी फार नाही: खोके जमिनीपासून वर, कोरड्या खोलीत हलवा आणि यादी पूर्ण होईपर्यंत एकही कागद टाकू नका. आसपासच्या काउंट्यांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपापल्या क्लर्कच्या कचेरीत चौकशी करावी, बहुतेक ठिकाणी माणसं हवीच असतात. आमच्याकडे शनिवारी सकाळी नऊला काम सुरू होतं. हातमोजे लागत नाहीत, हात स्वच्छ धुऊन यायचं.

आपली नम्र,
एक वाचक
इलिनॉय, अमेरिका