भिंतीवरचा नियम बदलला कसा, तेही शिकवा

संपादक महोदय,

माझी मुलगी यंदा नववीत आहे, इंग्लिश मीडियम, आणि तिला लिटरेचरला जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' लावलंय. गोष्ट अशी, की एका फार्मवरची जनावरं मालक जोन्सला हाकलून देतात, भिंतीवर सात नियम लिहितात आणि मग नेपोलियनसारखी डुकरं हळूहळू सत्ता बळकावतात; सगळं रशियन क्रांतीवरचं रूपक. युनिट टेस्टच्या आदल्या रात्री तिची वही चाळली तर आत एक तक्ता होता. नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, जोन्स म्हणजे झार, आणि बाजूला लाल पेनने 'व्हेरी इम्पॉर्टंट'. पोरीने घडाघडा म्हणून दाखवलं. म्हटलं बरं, मग त्या भिंतीवरच्या नियमांचं पुढे काय झालं? तर म्हणे, ते पाच मार्कांना येतात, सातही पाठ आहेत.

मी वर्तकनगरला राहतो आणि जांभळी नाक्याजवळ डीटीपी-फ्लेक्सचं काम करतो, त्यामुळे मला ती भिंतच दिसत राहिली. पुस्तक छोटंसं आहे, दुकानात बसूनच संपवलं. डुकरं जुने नियम पुसत नाहीत हो, निदान सुरुवातीला तरी नाही (शेवटी सगळे जाऊन एकच उरतो, पण तोवर कोणाला काही वाटेनासं झालेलं असतं). ती फक्त एखाद-दोन शब्द वाढवतात. कोणी पलंगावर झोपायचं नाही, यात 'चादर घातलेल्या' हे शब्द येतात. दारू प्यायची नाही, यात 'प्रमाणाबाहेर'. दुसऱ्या प्राण्याला मारायचं नाही, यात 'विनाकारण'. इंग्रजीत हे शब्द वाक्याच्या शेपटीला लागतात, मराठीत मधे घुसतात, आणि मधे घुसलेला शब्द प्रूफवाल्याच्या पण नजरेतून सुटतो हे मी धंद्यातल्या अनुभवाने सांगतो.

त्यात क्लोव्हर नावाची घोडी आहे. डुकरं पलंगावर झोपायला लागली हे तिला खटकतं, पण तिला नीट वाचता येत नाही म्हणून ती बकरीकडून नियम वाचून घेते. चादरीचं काही असल्याचं तिला आठवत नसतं, पण भिंतीवर आहे म्हणजे असणारच, असं ती धरून चालते. तेवढ्यात स्क्वीलर, म्हणजे नेपोलियनची बाजू सगळ्यांना पटवून देणारा डुक्कर, नेमका कुत्रे घेऊन तिथून जात असतो. तो समजावतो, पलंग म्हणजे काय, झोपायची जागा, तुमचा पेंढ्याचा ढीग पण पलंगच झाला की, आक्षेप फक्त चादरीला होता. आणि वर तो ठरलेला प्रश्न, जोन्स परत यायला हवाय का तुम्हाला?

आता आमच्या सोसायटीचं सांगतो, नाव नको. लिफ्टशेजारी बोर्ड आहे, मीच केलेला, 'गच्ची सर्व सभासदांसाठी खुली राहील'. मागच्या पावसाळ्यात सेक्रेटरींचा व्हॉट्सअ‍ॅप आला, बोर्ड खराब झालाय नवीन काढ, आणि त्यात 'समितीच्या परवानगीने' टाक, बाकी सेम, फॉन्ट पण तोच ठेव. टाकलं. दोनशे रुपये घेतले, लॅमिनेशनसकट. एप्रिलमध्ये बायको कुरडया वाळत घालायला वर गेली तर कुलूप. वॉचमनने सरळ बोर्डकडे बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, असं नव्हतं गं आधी, मग चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, असेल बाई, माझ्याच लक्षात राहिलं नसेल. मुलगी तिथेच उभी होती. रात्री जेवताना म्हणाली, बाबा, पुस्तकात नियम बदलायचा रंगाचा डबा स्क्वीलरकडे असतो ना? पुढे काही बोलली नाही, मी पण नाही. वरण वाढून घेतलं.

सांगायचं ते हे, की रशियाचा तक्ता चुकीचा नाहीये. ऑर्वेलने पुस्तक लिहिलं ते स्टालिनवरच, आणि तेव्हा महायुद्धात रशिया ब्रिटनचं दोस्त राष्ट्र असल्यामुळे बऱ्याच प्रकाशकांनी ते नाकारलं, शेवटी ऑगस्ट १९४५ मध्ये आलं. पण तक्ता पाठ करून पोरांना वाटतं हे सगळं लांब कुठेतरी झालं आणि संपलं. खुद्द ऑर्वेल तर १९४१ ते ४३ लंडनला बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात होता, म्हणजे युद्धातला सरकारी प्रचार त्याने आतून बघितला होता, त्याच्या वार्तापत्रांची मराठी भाषांतरंसुद्धा रेडिओवर जायची आणि आपल्या लेखिका वेणू चितळे तिथे त्याच्यासोबत कामाला होत्या. ती नोकरी सोडल्यावर लगेच त्याने हे पुस्तक लिहायला घेतलं. एवढा जवळचा धागा असताना वर्गात ते कोणी सांगत नाही.

शाळांना विनंती एवढीच, एक तास काढा, जुना नियम आणि नवा नियम फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि कुठला शब्द वाढला, त्याचा फायदा कोणाला झाला, हे पोरांना शोधू द्या. मग हवं तर घरून एखाद्या नोटिशीचा फोटो आणायला सांगा, सोसायटीची, क्लासची, बँकेची, कुठलीही चालेल.

माझ्याकडे बोर्डाच्या दोन्ही फाईल आहेत, तारखांसकट. दोन्हीची प्रिंट काढून येत्या जनरल बॉडीला नेणार आहे, दुसरी मी केली हेही सांगणार. सेक्रेटरींना तसा मेसेज टाकलाय. ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.

– एक डीटीपीवाला, वर्तकनगर, ठाणे