बेसी स्मिथच्या मरणाची कथा आता पुरे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका बेसी स्मिथ हिच्यावरचा लेख वाचला. ती ब्लूज, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीयांमधून आलेला गानप्रकार, गायची. मराठीत तिच्यावर कोणी लिहिते याचाच मला आनंद. पण लेखाचा निम्म्याहून अधिक भाग तिच्या मरणावर खर्ची पडला आहे आणि नेमका तोच चुकला आहे. अपघातानंतर गोऱ्यांच्या रुग्णालयाने दारातूनच परत पाठवल्यामुळे ती दगावली, असे लेखक म्हणतात. तसे घडले नव्हते.

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेलच्या अलीकडे, महामार्ग ६१ वर तिची मोटार एका ट्रकवर आदळली. मासेमारीला निघालेले मेम्फिसचे डॉक्टर ह्यू स्मिथ योगायोगाने तिथे पोचले. तिचा उजवा हात कोपराशी जवळजवळ तुटून लोंबत होता. रुग्णवाहिकेने तिला थेट क्लार्क्सडेलमधल्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेले. तिथे हात कापावा लागला, आणि त्याच दिवशी सकाळी ती गेली. दारात अडवल्याची कथा ध्वनिमुद्रण-निर्माते जॉन हॅमंड यांनी ‘डाउनबीट’ या संगीतविषयक मासिकात ऐकीव माहितीवर छापली. पुढे एडवर्ड अल्बी यांनी त्यावर नाटक लिहिले आणि कथा पक्की झाली. डॉक्टर स्मिथ यांनीच नंतर सांगितले होते की त्या काळी तिकडच्या कोणत्याही रुग्णवाहिका-चालकाच्या मनात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या रुग्णालयात न्यायचे आलेच नसते. म्हणजे दार लावून घ्यायचीसुद्धा वेळ आली नाही. मला ही हकिकत त्या रचलेल्या कथेपेक्षा जास्त बोचते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या एका पहाटेपायी बाईचे सगळे आयुष्य झाकले जाते. टेनेसीतल्या चॅटनूगा गावची ही पोर. आईवडील लवकर गेले. भाऊ गिटार वाजवायचा आणि ही रस्त्यावर गाऊन नाचून पैसे गोळा करायची. १९१२ मध्ये ती एका फिरत्या कंपनीत शिरली ती नाचणारी म्हणून, कारण गायला तिथे मा रेनी होत्या. १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने तिची ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ही तबकडी काढली. मायक्रोफोन नव्हता, भोंग्यासमोर उभे राहून गायचे. सहा महिन्यांत ७ लाख ८० हजार प्रती खपल्या असे सांगतात. तिच्या पदरात काय पडले? ध्वनिमुद्रणागणिक ठरलेली रक्कम. करारातले रॉयल्टीचे कलम खोडून टाकलेले होते. कोलंबियासाठी तिने सुमारे १६० ध्वनिमुद्रणे केली, आणि मंदी आली तशी १९३१ मध्ये कंपनीने तिला मोकळे केले. १९३३ मध्ये तिला पुन्हा स्टुडिओत आणले ते याच हॅमंड यांनी. तेव्हा एका गाण्याचे ३७.५० डॉलर मिळाले. ती शेवटची ध्वनिमुद्रणे.

तिच्या धाडसाबद्दल लेखात अवाक्षर नाही. १९२७ च्या जुलैमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉन्कर्डला तिचा तंबूतला खेळ चालू होता. वारा खायला बाहेर आलेल्या एका वादकाने पाहिले, तर पांढऱ्या झग्यातले, काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेचे लोक तंबूच्या खुंट्या उपटत होते. बेसीने सामान वाहणाऱ्या पोरांना हाक मारली. पोरे पळून गेली. मग बेसी एकटीच पुढे गेली, एक हात कमरेवर, दुसऱ्याची मूठ त्यांच्यावर उगारून. तंबूतली सगळी माणसे बाहेर बोलावते, असे म्हणून तिने अस्सल शिव्या हासडल्या आणि ते अंधारात पसार होईपर्यंत थांबली नाही. परत येऊन तिने आधी त्या पोरांना झापले आणि मग उरलेले गाणे पुरे केले.

आमच्या मिरजेच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. १९२५ च्या तिच्या ‘सेंट लुई ब्लूज’मध्ये जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) आहे आणि खाली सलग सूर धरणारी चक्क हार्मोनियम. आपल्या नाटकांतल्या पायपेटीची सवय असलेल्या कानाला ते गाणे परके वाटतच नाही. बेसी ताना घेत नाही. मोजक्याच सुरांत फिरते, पण गंधाराकडे जाताना तो जरा खालूनच घेते आणि तिथेच रेंगाळते. लेखकांनी या गाण्यावर चार ओळी लिहिल्या असत्या तर बरे झाले असते.

फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक होते. थडग्यावर दगड मात्र १९७० मध्ये बसला, तब्बल ३३ वर्षांनी. त्याचा खर्च गायिका जॅनिस जॉप्लिन आणि वानिटा ग्रीन यांनी वाटून घेतला. या ग्रीनबाई लहानपणी बेसीच्या घरी घरकाम करायच्या.

पुढच्या रविवारी रुग्णालयाबद्दलची दुरुस्ती छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज