रंकाळ्याजवळच्या झेरॉक्सवाल्या दादांचे आभार

आईच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला आले होते. परतल्यावर चारच दिवसांनी ब्रिटनच्या नागरिकत्वासाठीची ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा होती: 24 प्रश्न, 45 मिनिटं, किमान 18 बरोबर. त्यात रंकाळ्यावर वळवानं गाठलं. पिशवीतलं पुस्तक चिंब!

दादा, तुम्ही दुकान बंद करत होता. "बसा हितं, ताई," म्हणत शटर परत वर केलंत. पट्टीनं एकेक पान सोडवून मध्ये कोरे कागद घातलेत, पंखा लावलात. दीड तास! मध्येच विचारलंत, "ह्या आठव्या हेन्रीला सहा बायका? झेपत हुतं व्हय?" पैसे घेतले नाहीत, उलट चहाच पाजलात. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पास झाले, दादा. सनावळ्यांची पानं अजून फुगलेलीच आहेत. मनापासून आभार.