आईच्या फंडाला हात लावू नका

खानापूर,
आषाढ, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं, खोलीवरची गळकी कौलं मालकांनी बदलून दिली. फोनवर नव्या लॅपटॉपचा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणत फोन आईच्या हातात देतात, आई "जेवलीस काय गं?" विचारते आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून लॅपटॉपवर लिहायला बसले. आई, तुला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवलंय, १८ च्या मापाचं. एरवी मी १२ चं ठेवते. तरीही डाव्या डोळ्याला धूसर वाटलं तर बाबांकडून वाचून घे, पण शेवटपर्यंत ऐक.

बाबा, मला काकांकडून कळलं. पतसंस्थेतली आईच्या बिडीकामाच्या फंडाची ठेव मुदतीआधी मोडून तुम्ही मला ५५,००० रुपयांचा लॅपटॉप घेणार आहात, निपाणीहून बेळगावला जाऊन दुकानात दर विचारूनही आलात. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

याची सुरुवात मे महिन्यात झाली हेही मला माहीत आहे. पाहुण्यांचा मुलगा माझा लॅपटॉप उचलून म्हणाला, "हा तर लहान पोरांचा दिसतोय." तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पण भाकरी अर्धी ठेवून उठलात. माझ्या लेकीला आपण धड वस्तू दिली नाही, असं तुमच्या मनात आलं असणार. बाबा, ते मनातून काढून टाका. या लॅपटॉपवर मी काय काय करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. चूक माझी आहे, आज सांगते.

२०१९ साली आपण तो १७,५०० रुपयांना घेतला. आईचा दिवाळीचा बोनस आणि माझ्या शिकवण्यांचे पैसे. पडदा ११.६ इंची, वजन सव्वा किलो. आत इंटेलचा सेलेरॉन एन ३३५० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. हे आकडे आज दुकानात कुणी विचारतही नाही. पण माझा दिवस कसा जातो तो बघा, मग ठरवा.

सकाळी जांबोटीकडे जाणाऱ्या बसला मी उभीच असते. जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली, तेव्हापासून आम्हा बायकांना साध्या बसमध्ये आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. माझ्यासारख्या अतिथी शिक्षिकेच्या मानधनात त्याचा किती आधार आहे ते तुम्हाला सांगायला नको. गर्दी मात्र दाटून असते. पाठीवरची पिशवी पोटाशी धरून उभं राहायचं. त्यात डबा, पाण्याची बाटली, तपासलेल्या ३४ वह्या, छत्री आणि लॅपटॉप. उतरल्यावर शाळेपर्यंत चढाचा, लाल चिखलाचा रस्ता चालायचा. आमच्या एका बाईंकडे १५.६ इंची लॅपटॉप आहे, तो दोन किलोंच्या वर जातो, शिवाय त्याचा जाडजूड चार्जर. जूनचा पहिला आठवडा त्यांनी तो आणला, नंतर घरीच ठेवला. माझा रोज शाळेत येतो. भाताच्या बियाण्याच्या दोन रिकाम्या पिशव्या एकात एक घालून त्यात गुंडाळते. सात पावसाळे झाले, एकदाही भिजला नाही.

इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. झाड पडलं की लाईट जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. हे पत्र सुरू केलं तेव्हा लाईट होती. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत" पर्यंत आले आणि गेली. आता खोलीत पडद्याचाच उजेड आहे आणि बॅटरी ६१ टक्के दाखवतेय. दोन वर्षांपूर्वी बॅटरी बदलून घेतली, १,९०० रुपये लागले, तेव्हापासून चार-साडेचार तास हमखास मिळतात. या प्रोसेसरला वीजच कमी लागते. तो ६ वॅटच्या हिशेबाने बनवलेला आहे, म्हणजे आपल्या माजघरातल्या ९ वॅटच्या बल्बपेक्षाही कमी. तापत नाही म्हणून आत पंखा नाही, पंखा नाही म्हणून आवाज नाही आणि आत धूळही फारशी ओढली जात नाही. रात्री दोन वाजता काम करत बसले तरी शेजारच्या खोलीतल्या आजी जाग्या होत नाहीत.

आता काम. चाचणीच्या प्रश्नपत्रिका मराठीत मी टाइप करते, सगळ्या वर्गांच्या. मुलांची माहिती एसएटीएस या सरकारच्या ऑनलाइन नोंदणीत भरायची असते, ती मोबाईलचं नेट जोडून भरते. नेट रोज दीड जीबीच असतं, म्हणून आधी सगळं लॅपटॉपवर तयार करते आणि शेवटी एकदाच जोडते. आणि गुणांचा तक्ता. बाबा, तक्त्याचं तुम्हाला खास सांगायचं आहे. वखारीत दिवाणजी असताना तुम्ही रविवारी लाल चोपडी घरी आणायचात, आठवतं? मला मांडीवर घेऊन दाखवायचात, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि खाली मेळ बसल्याशिवाय उठायचं नाही. मी गुणांचा तक्ता अगदी तसाच आखते. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात विषय, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी बेरीज घेऊन मेळ. बेरीज मशीन करतं, पण रकाना कुठं चुकला ते मला नजरेनं कळतं. ती नजर तुमची आहे. मागच्या वर्षी एका मुलीचे गणिताचे गुण दुसरीच्या नावावर चढले होते. मेळ बसेना म्हणून सापडले, नाहीतर तिचं वर्ष हकनाक बिघडलं असतं.

इथं भाषा दोन. वरून येणारं पत्रक कन्नडमध्ये, आमचं उत्तर कन्नडमध्ये, मुलांचं सगळं मराठीत. सुरुवातीला मला कन्नड टाइप करायची भीती वाटायची. मग लक्षात आलं की इन्स्क्रिप्ट या पद्धतीत दोन्ही भाषांची बटणं एकच आहेत. १९८६ साली सरकारने ही मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांसाठी ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी 'के'चं बटण दाबलं की मराठीत 'क' उमटतो, भाषा बदलून तेच बटण दाबलं की कन्नडचा 'क' उमटतो. 'एच'वर दोन्हीकडे 'प', 'जे'वर दोन्हीकडे 'र'. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे असतात, आपल्यात ते नाहीत, म्हणून तेवढी बटणं नवी शिकले. बोटांना मराठी येत होतं, बोटांनीच मला कन्नड अक्षरं शिकवली. आई, तू बाजारात किती सहज कन्नड बोलतेस, मला मात्र वाचायला त्रास व्हायचा. आता आपल्या शेताचा पहाणी उतारा मी स्वतः वाचते. 'भूमी' या सरकारच्या जमीन-नोंदींच्या यंत्रणेत तो संगणकावर आहे, मी उघडून बघितला, सर्व्हे नंबर आणि बाबांचं नाव बरोबर आहे, आणि जपूनही ठेवला आहे. तेवढ्यासाठी बाबांचा चिकोडीला जाण्यात अख्खा दिवस मोडायचा.

एवढ्याशा पडद्यावर ३४ मुलांना काय दिसणार, हे बाबांनी एकदा विचारलं होतं. शाळेत गावकऱ्यांनी दिलेला टीव्ही आहे. एचडीएमआयची वायर जोडली की माझा पडदा टीव्हीवर येतो. परवा मलप्रभा दाखवली. कणकुंबीला उगम, आमच्या खानापुरातून जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. नकाशावर बोट फिरवत नेलं. पुलावरून रोज बघतात तीच नदी इतक्या लांब जाते म्हटल्यावर एक मुलगा उठून टीव्हीजवळ आला आणि काचेवर हात ठेवून उभा राहिला. असा दिवस आला की मानधन उशिरा आलेलं मी विसरते.

आता "तो लॅपटॉप आता भंगारात जाणार" असं जे तुम्हाला कुणी सांगितलं त्याबद्दल. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ माझ्या प्रोसेसरला चालत नाही, एवढं खरं आहे. मी एका दुकानात दाखवला तेव्हा त्यांनी न उघडताच नवा घ्या म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मी खूप रडले होते, तुम्हाला सांगितलं नाही. मग आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलाने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालून दिलं. ते फुकट मिळतं, परवाना विकत घ्यावा लागत नाही. त्याच्या हलक्या एक्सएफसीई आवृत्तीला २ जीबी रॅमही पुरते, माझ्याकडे ४ आहे. सुरू व्हायला आधी जितका वेळ लागायचा त्याच्या निम्माही लागत नाही. लिब्रेऑफिसमध्ये मराठी, कन्नड दोन्ही नीट चालतं. फक्त जुन्या नुडी फॉन्टमधली कन्नड फाईल आली तर भलतीच अक्षरं दिसतात, कारण ती युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नसते. तेव्हा मी त्यांच्याकडून पीडीएफ मागवून घेते.

त्याला जमत नाही तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल लेक मन राखायला बोलते. ब्राउझरमध्ये सहा-सात पानं एकदम उघडली की अडखळतो. व्हिडिओची कापाकापी त्यावर होत नाही. रॅम आणि साठवण दोन्ही मुख्य पाटीवरच पक्की जोडलेली आहेत, वाढवता येत नाहीत. साठवणीचा भाग गेला तर दुरुस्ती परवडणार नाही. म्हणून दर शनिवारी सगळं एका पेनड्राईव्हवर उतरवून घेते आणि तो पेनड्राईव्ह शाळेच्या कपाटात ठेवते. उद्या लॅपटॉप बंद पडला तरी मुलांचा एकही गुण हरवणार नाही.

काकांच्या मुलाला इंजिनिअरिंगला असला घेऊ नका, हे काकांना नक्की सांगा. त्याला ८ जीबी रॅम आणि एसएसडी तरी हवीच, जमल्यास १६ जीबी. स्वस्त आहे म्हणून त्याच्या गळ्यात माझ्यासारखा मारला तर चार वर्षं तो कुढत बसेल. लिहिणं, तक्ते, पत्रकं, मुलांना दाखवायची चित्रं यांच्यापुरतं मात्र माझं यावर पूर्ण भागतं. आणि माझं काम एवढंच आहे, बाबा. पुढची तीन-चार वर्षंही एवढंच असेल.

आता आई, तुझ्याशी. तो फंड कसा साठला ते मी बघितलंय. मांडीवर सूप, सुपात तेंदूपान, कात्री आणि दोरा. मी शाळेत जाताना तू बसलेली असायचीस आणि आल्यावरही तिथंच असायचीस. हजार बिड्यांची हजारी भरल्याशिवाय पाठ टेकायची नाहीस. संध्याकाळी अंधारून आलं तरी लाईट लावू द्यायची नाहीस, बिल येईल म्हणून. त्या बिडीतून कापून गेलेला एकेक रुपया आहे तो. त्यातून माझ्यासाठी लॅपटॉप आला तर त्याच्या बटणावर माझं बोट टेकणार नाही. हे रागाने म्हणत नाही, खरंच टेकणार नाही.

तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे असं शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगून दीड वर्ष होत आलं. तू थेंब घालत बसली आहेस. आई, थेंबाने मोतीबिंदू जात नाही, चष्म्यानेही जात नाही, ऑपरेशनच करावं लागतं. पिकू द्यायचा ही जुनी समजूत आहे, फार पिकला तर तो काढायला उलट अवघड जातो. खराब झालेलं बाहुलीमागचं भिंग काढून तिथं नवीन बसवतात, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. सरकारी दवाखान्यात फुकट होतं हे मलाही माहीत आहे. तरी येण्याजाण्याला, औषधाला, नंतर महिनाभर तू चुलीपुढं बसणार नाहीस तेव्हाच्या खर्चाला पैसे गाठीला हवेत. लागतील तेवढेच त्यातून घ्या, उरलेली ठेव तशीच राहू दे.

बाबा, दुकानात आगाऊ पैसे दिले असतील तर परत मागा. नाही देत म्हणाले तर भांडू नका, मला फोन करा, मी येऊन बोलते.

पंचमीला दोन दिवसांची सुट्टी जोडून येतेय. तोवर तीन गोष्टी करून ठेवा. आईच्या जुन्या चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे, तो काढा. तिची साखर आणि ब्लडप्रेशर तपासून घ्या, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर ते विचारणारच. आणि शिबिराची ती चिठ्ठी शोधा, हिरव्या शाईचा शिक्का असलेली.

लाईट अजून आलेली नाही. बॅटरी ३८ टक्के आहे, सकाळच्या प्रश्नपत्रिकेला तेवढी ठेवायला हवी, म्हणून थांबते. उद्या झेरॉक्सच्या दुकानात हे छापून घेते आणि पोस्टात टाकते. आई, लाह्या घरी भाजू नकोस, धूर डोळ्यात जातो. मी येताना विकत आणते.

तुमची,
लेक